एका बगीच्यातली ५० झाडं म्हणजे ५० नमुने नव्हेत

तुमचा प्रश्न: काटोलकडच्या एका बगीच्यात आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) ५० संत्राझाडांवर फवारणी केली, दुसऱ्या गावच्या बगीच्यात ५० झाडं बिनफवारणीची ठेवली, फळगळ मोजली, टी-टेस्टला (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) पी ०.००१ आला (म्हणजे खरा फरक नसता तर एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एक), प्रबंधात कसं मांडू?

स्पष्टच सांगतो, रागावू नका. एका बगीच्याची जमीन भारी, दुसऱ्याची मुरमाड. एकाकडे ठिबक, दुसऱ्याकडे दांडाचं पाणी. तो पी या सगळ्याचा मिळून आहे, त्यातून फवारणी वेगळी काढता येत नाही. औषध तुम्ही बगीच्यागणिक वाटलं, तेव्हा तुलना १ विरुद्ध १ अशीच झाली. एकाच बगीच्यातली झाडं भावंडांसारखी वागतात. त्यांच्यातला सहसंबंध (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे अगदी सारखी) समजा ०.३ धरला, तर आपली ५० ची संख्या किती पट फुगलेली आहे ते असं निघतं: १ + ४९ × ०.३ = १५.७. आता ५० ला १५.७ ने भागा. जेमतेम तीन झाडांएवढी माहिती उरते.

१९३८ च्या भारतीय सांख्यिकी परिषदेत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेकदा शवविच्छेदनच. तेच करतोय मी इथे.

पुढच्या आंबियाला दहा शेतकरी गाठा. प्रत्येकाकडे सारख्या वयाच्या झाडांचे, सारख्या जमिनीतले दोन तुकडे घ्या आणि कुठे फवारायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा. (मालकाला विचारलंत तर तो हमखास रोगट झाडं पुढे करतो. मी फसलोय.) दुसऱ्या तुकड्यावर नुसतं पाणी. मध्ये दोन ओळी सोडा, औषध वाऱ्याने उडतं. फांद्यांना आधीच फीत बांधा, आणि फळं मोजून राहिलेल्या पोराला कोणता तुकडा औषधाचा ते सांगू नका.

दहाच का? फरकांचं प्रमाणविचलन (बगीच्यागणिक फरक किती कमीजास्त होतो ते) आणि तुम्हाला पकडायचा फरक सारखाच धरला, तर ८० टक्के पॉवरला (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) साधारण तेवढे बगीचे लागतात. विचलन दुप्पट असेल तर तिसाच्या वर जावं लागेल, म्हणून गाईडकडचे जुने आकडे आधी पाहा. विश्लेषणाला बगीच्यागणिक एकच आकडा: दोन तुकड्यांच्या गळीतला फरक. त्यावर जोडीची टी-टेस्ट.

हातातल्या आकड्यांचं म्हणाल, तर दोन्ही बगीच्यांची सरासरी आणि झाडाझाडांतला फरक द्या, पी गाळा, आणि बगीचे दोनच होते हे पद्धतीच्या प्रकरणातच लिहा. पुढच्या वेळी फरकासोबत ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो) द्या. डिंक्या रोगाने वाळलेली झाडं वगळलीत, तर किती आणि कोणत्या तुकड्यातली, तेही.