वडिलांच्या नावचं बेळगावातलं घर वकील न लावता विकता येईल का?

येईल. वकिलाची सक्ती नाही. खरेदीपत्र बॉन्ड रायटर लिहितो, अर्ज कावेरी २.० या कर्नाटकच्या दस्तनोंदणीच्या वेबसाइटवर भरायचा, सह्या-अंगठे सब-रजिस्ट्रारकडे. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय, "मृत्युपत्र नाही, दोघी बहिणी लग्न होऊन कोल्हापुरात आहेत, त्यांचा प्रश्न नाही." खरा प्रश्न त्यांचाच आहे.

घर वडिलांच्या स्वतःच्या कमाईचं असेल तर १९५६ च्या वारसा कायद्यानेच आई, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क देशभर मिळाला तो मात्र २००५ च्या दुरुस्तीने. लग्नात सोनं घातलं म्हणून वाटा फिटत नाही. नोटरीसमोर लिहून घेतलेली हक्कसोड चालत नाही, ती नोंदणीकृतच लागते. आणि मी म्हणतो, हक्कसोड मागावीच कशाला? दोघींना खरेदीपत्रात विकणाऱ्या म्हणून घाला, त्यांच्या हिश्श्याचे पैसे थेट त्यांच्या खात्यावर जाऊ द्या. एक दस्त वाचतो, नफ्यावरचा करही ज्याचा त्याच्यावर येतो. त्यांना गाळलंत तर घेणाऱ्याच्या बँकेचा वकील वंशावळ बघून कर्ज अडवेल, आणि ते योग्यच आहे.

आता कागद. मृत्युदाखला आणि नाडकचेरीची (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीची) वंशावळ घेऊन महापालिकेत वारसा लावा, मग ई-खाता, म्हणजे महापालिकेचा मिळकतीचा ऑनलाइन उतारा, काढा. २०२४ पासून त्याशिवाय दस्त नोंदत नाहीत. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वारसा वेगळा लावावा लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे जुनं खरेदीपत्र मराठीत, खाता कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. नावात फरक असेल तर ई-खाता निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या बोज्यांचा दाखला, काढून बघा. घरावरचं कर्ज फिटलं तरी गहाणाची नोंद रद्द केल्याचा दस्त झाला नसेल तर बोजा दिसतच राहतो. बँकेचं 'नो ड्यूज' तिथे पुरत नाही.

संचकार पत्र (विक्रीआधीचा इसाराचा करार) हे सगळं जमल्यावरच करा, त्यावरही सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. कोल्हापूरहून आणलेला महाराष्ट्राचा स्टॅम्प नको, मुद्रांक कर्नाटकचाच लागतो. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. दंड घेतलेल्या रकमेइतका आणि तो रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच.

हे हिंदू, जैन, लिंगायत घरांपुरतं; मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांत वाटे निराळे. वारसांत कुणी अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल तर त्याचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते, आणि घर कॅंटोन्मेंटमध्ये असेल तर जमिनीचा हक्क आधी तपासावा लागतो. या दोन्ही वेळी वकील लावाच.