व्हर्च्युअल मशीन चालू दिसतात, तरी साइट बंद पडते. लक्ष नेमकं कशावर ठेवावं?

तुमची गुहागरची होमस्टे-बुकिंगची साइट क्लाउडवर दोन व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने बनवलेल्या, भाड्याच्या सर्व्हरवर) आहे, कन्सोलवर म्हणजे क्लाउडच्या नियंत्रण-पानावर दोन्ही हिरवी दिसतात आणि तरी पर्यटक फोन करून 'बुकिंग होत नाही' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय.

मी दापोलीत बसून हापूस विकणाऱ्या एका साइटचे सर्व्हर सांभाळतो. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आमचं हेच झालं. पान उघडत होतं, सीपीयू शांत होता, पण ऑर्डर सेव्ह होईना. लॉग, म्हणजे सर्व्हर लिहीत राहतो त्या नोंदी, साठून डिस्क भरली होती. क्लाउडची कंपनी तुमच्या मशीनकडे बाहेरून, हायपरव्हायझरमधून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या खालच्या थरातून) बघते. त्यातून सीपीयू आणि नेटवर्क कळतं, पण आतली डिस्क किती भरली आणि मेमरी किती उरली ते कळत नाही. एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) त्यासाठी क्लाउडवॉच एजंट, म्हणजे आतले आकडे बाहेर पाठवणारा छोटा प्रोग्राम, मशीनमध्ये वेगळा टाकावा लागतो. आज आधी ते करा आणि डिस्क 80 टक्के भरली की अलार्म येईल असं बघा.

मग पर्यटक जे करतो तेच बाहेरून करून बघणारी तपासणी लावा: तारीख निवडायची, चाचणीसाठी ठेवलेली खोली बुक करायची, रद्द करायची. 99.9 टक्के उपलब्धता म्हणजे 30 दिवसांच्या महिन्यात जेमतेम 43 मिनिटं बंद राहण्याची सूट. दर पाच मिनिटांनी तपासून तीनदा चुकल्यावर अलार्म दिलात, तर त्यातली पंधराएक मिनिटं कळण्यातच जातात. म्हणून दर मिनिटाला तपासा, सलग दोनदा चुकलं की अलार्म.

ही खोल तपासणी लोड बॅलन्सरच्या (येणारे पर्यटक दोन मशीनमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) हेल्थ चेकला, म्हणजे मशीन ठीक आहे का हे बघणाऱ्या तिच्या तपासणीला, मात्र जोडू नका. डेटाबेस जरा मंदावला की दोन्ही मशीन एकदम 'आजारी' ठरतात, आणि ऑटो-स्केलिंग (मशीन आपोआप वाढवणं, कमी करणं, बदलणं) असेल तर धडधाकट मशीन काढून नवी उभी करण्याचा खेळ सुरू होतो. लोड बॅलन्सरने फक्त 'तू उत्तर देतोस का' एवढंच विचारावं.

दोन्ही मशीन वेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र डेटा सेंटरमध्ये, हवीत. शिवाय गर्दीच्या वेळी दोन्ही 70 टक्क्यांवर चालत असतील, तर एक गेलं की दुसरंही त्या भाराने बसेल. प्रत्येकावरचा भार निम्म्याच्या आत आहे ना, हेच आकडे मी सगळ्यात जास्त बघतो.

अलार्म कोणाला जातो, हा आपल्या किनाऱ्यावर फार मोठा प्रश्न आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, टॉवर बंद होते. सर्व्हर मुंबईत व्यवस्थित चालू होते, पण त्यांचं काय चाललंय हे मला कळायला मार्गच नव्हता. तेव्हापासून अलार्मचा फोन आधी मला येतो आणि पाच मिनिटांत मी उचलला नाही, तर पुण्यातल्या सहकाऱ्याला जातो. तुम्हीही कोकणाबाहेरचा एक माणूस नक्की ठेवा.

दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी, एखाद्या शांत दुपारी एक मशीन स्वतः बंद करा. अलार्म किती मिनिटांत वाजतो आणि उरलेल्या मशीनवर बुकिंग होतं का, ते घड्याळ लावून बघा. अडलं तर इथेच विचारा.