मोटार ओढण्याआधी तिपाईचा हिशोब

भाऊ, बोअरमधली मोटार तिपाईनं, म्हणजे तीन पायांच्या उंच घोडीनं, वर काढायची तर आधी वजन धर. मोटार, पाइप आणि आतलं पाणीसुद्धा. दोन इंची पाइपात दोनशे फुटांना सव्वाशे किलो पाणीच भरतं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त वर जाऊ देणारी झडप) ते खाली सोडत नाही.

समज एकूण 300 किलो. तिपाईला टांगलेला चेन ब्लॉक (हातसाखळीनं वजन उचलायचं यंत्र) असेल तर तिपाईच्या शेंड्यावर तेवढंच. साध्या कप्पीवरून दोर सरळ खाली ओढलास तर मात्र 600, कारण तुझी ओढही शेंड्यावरच येते. नवखे इथंच फसतात.

300 किलोला, पाय उभ्या रेषेपासून 45 अंश फाकले तर प्रत्येक पायात दाब 300 भागिले (3 × 0.707), म्हणजे 141 किलो, पाय बाहेर सरकवणारं बळ 100. 20 अंशांत तेच 106 आणि 36. आपल्या मराठवाड्यातलं काळं रान ओलं असलं की पाय घसरणारच, म्हणून तिन्ही पाय खाली साखळीनं जखड. ट्रॅक्टरनं दोर तिरका ओढला तर एकच पाय दबतो, उरलेले उचलले जातात. बोअरजवळ जमिनीत पक्की कप्पी रोवून दोर तिथून वळव.