महागडी मॅक्रो लेन्स न घेता किड्यांचे फोटो: आहे त्या कॅमेऱ्यात काय जमतं

तुमच्याकडे कॅनन १५००डी आहे, त्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स आहेत. १०० एमएम मॅक्रो सध्या बजेटबाहेर आहे, आणि बाल्कनीतल्या कुंड्यांवरचे, सोसायटीच्या बागेतले किडे टिपायचे आहेत. रिव्हर्सल रिंग, एक्स्टेन्शन ट्यूब आणि क्लोज-अप फिल्टरचा सेट यांपैकी काय घेऊ, असा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर तिन्ही नको. रेनॉक्स डीसीआर-२५० हे लेन्सपुढे लावायचं भिंग घ्या, ५५-२५० च्या तोंडावर लावा आणि उरलेला सगळा जीव उजेडावर लावा.

रिव्हर्सल रिंग काहीशे रुपयांत येते, हौस म्हणून जरूर घ्या. पण लेन्स उलटी लावली की तिचा कॅमेऱ्याशी संबंध तुटतो, आणि तुमच्या १८-५५ वर अ‍ॅपर्चरची रिंगच, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करायची कडीच, नाही. म्हणजे लेन्स सताड उघडी. सुलटी असताना एफ/८ ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू (ते भोक प्रत्यक्ष लहान करून दाखवणारी सोय) चालू धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची, हा जुगाड चालतो, पण मग व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. त्यात किड्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर जावं लागतं. तेवढ्यात माशी कुठल्या कुठे गेलेली असते.

ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, तिचं गणित सोपं आहे. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा), तेवढं मोठेपण वाढतं. ६८ एमएमचा सेट ५० एमएमच्या लेन्सवर लावलात तर लाइफ साइजच्या (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा) पुढे जाता, २५० वर लावलात तर जेमतेम पाव पट भर पडते. तुमची १८-५५ पन्नासवर नेऊन ट्यूब लावता येते, पण मग पुन्हा किड्याच्या फार जवळ जावं लागतं. क्लोज-अप फिल्टरचे सेट म्हणजे लेन्सपुढे लावायची एकेक साधी काच. कडा विरघळतात, काळ्या किड्याभोवती जांभळी किनार येते.

रेनॉक्समध्ये तीन काचा आहेत, ताकद ८ डायॉप्टर, म्हणजे फोकल लेन्थ १२५ एमएम. मूळ लेन्सचा फोकस इन्फिनिटीवर (सर्वांत लांबच्या टोकाला) ठेवून झूम १२५ च्या आसपास नेलंत की लाइफ साइज, २५० वर नेलंत की दुप्पट. दुप्पट म्हणजे फ्रेमच्या रुंदीत अवघे ११ मिलिमीटर मावतात. चिमट्यासारखी क्लिप असते, ५८ एमएमच्या तोंडावर टचकन बसते. किड्यापासून अंतर कोणत्याही झूमला साधारण १२ सेंटिमीटर राहतं आणि अ‍ॅपर्चर नेहमीसारखं कॅमेऱ्यातून बदलता येतं. सुरुवातीला १०० ते १३५ च्या मध्येच राहा. एफ/११ ला लाइफ साइजवर शार्प पट्टा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी मिळतो, दुपटीला तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा. २५० वर पहिल्याच दिवशी उडी मारलीत तर कंटाळून सोडून द्याल.

ऑटोफोकस बंद करा. डाव्या हाताने फांदी धरा, त्याच हातावर लेन्सचं तोंड टेकवा आणि अंग किंचित मागेपुढे करत डोळा शार्प दिसला की क्लिक. फांदी आणि लेन्स एकत्र हलतात, त्यामुळे वाऱ्याचा त्रास निम्मा होतो. ट्रायपॉड बागेत नुसता आडवा येतो.

आता उजेड. मॅन्युअल मोड, १/२००, एफ/११, आयएसओ ४००, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा पॉप-अप फ्लॅश. तो नुसता वापरलात तर लांब लेन्सची सावली थेट किड्यावर पडते आणि पाठ चकचकीत असेल तर पांढरीफटक भाजते. टीव्ही-मिक्सरच्या खोक्यात पातळ पांढरी फोमची शीट येते ना, ती घ्या. ए-४ एवढा तुकडा कापा, मध्ये लेन्स जाईल एवढं भोक पाडा, लेन्सच्या पुढच्या टोकाला अडकवा आणि वरचा भाग किड्याकडे झुकता ठेवा. फ्लॅशचा उजेड त्या शीटवर पसरला पाहिजे आणि शीट किड्याच्या जितकी जवळ तितकी सावली मऊ. फ्लॅश दर वेळी भरायला जरा वेळ घेतो, धडाधड क्लिक करू नका.

डिफ्यूझर (ही उजेड पसरवणारी शीट) जमला की नाही हे ओळखायला उडी मारणारा कोळी पकडा, म्हणजे कॅमेऱ्यात. घराच्या भिंतीवर, खिडकीच्या गजावर हमखास सापडतो. जाळं विणून बसत नाही, लेन्स जवळ नेली की पळण्याऐवजी वळून तुमच्याकडेच बघतो. आठ डोळ्यांपैकी समोरचे मधले दोन मोठे. फोटो झूम करून त्या दोघांतली चमक बघा. टोचल्यासारखा पांढरा ठिपका असेल तर शीट लहान आहे किंवा फार मागे आहे. खिडकीसारखा पसरट, कडा मऊ असलेला उजळ भाग दिसला तर काम झालं. आणखी एक गंमत लागोपाठच्या फोटोंत दिसेल: ते डोळे एकात काळेकुट्ट, दुसऱ्यात फिकट. बाहेरची भिंगं जागची हलत नाहीत, आतला पडदा (रेटिना) हलतो. काळेकुट्ट दिसले तेव्हा तो सरळ तुमच्याकडे बघत होता.

पार्श्वभूमी काळी येते अशी तक्रार पुढे येणारच. फ्लॅशचा उजेड काही सेंटिमीटरांत मरतो, दुसरं काही नाही. मागे एक हिरवं पान क्लिपने लावा.

पळणारे किडे नंतर. आधी कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराची अळी शोधा, लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसते, मोठी झाली की हिरवी. जास्वंदावर मावा असेल तर तिथे मुंग्या असणारच, आणि मुंगी मिशांनी माव्याला थोपटून गोड थेंब काढून घेते तो क्षण लाइफ साइजला छान येतो. पानाच्या खालच्या बाजूला केसाएवढ्या देठावर उभी पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याची. हलत नाहीत, सरावाला उत्तम. भल्या सकाळी बाहेर पडा, गारठलेले किडे स्वस्थ असतात. फ्रीजमध्ये ठेवून गार करणं किंवा डिंकाने चिकटवणं हे प्रकार मी तरी चालवून घेत नाही, आणि असे फोटो जाणत्या नजरेला पायांच्या ठेवणीवरून कळतात.

पुढे बाहेरचा फ्लॅश घ्यावासा वाटला तर एक गोष्ट आधी तपासा. १५००डी च्या हॉटशूमध्ये (वरच्या फ्लॅश लावायच्या खाचेत) मधली पिन नाही. त्या एका पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश या कॅमेऱ्यावर पेटतच नाहीत. कॅननच्या टीटीएलला (कॅमेरा स्वतः फ्लॅशची ताकद ठरवतो ती पद्धत) चालणारा मागा, कॅमेरा दुकानात घेऊन जा, लावून पेटवून बघा आणि मगच पैसे द्या.