स्विफ्ट खाली बसवायचीय, ८२ हजारांचं कोटेशन आलंय... करू का?

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वय २९, शिरोली एमआयडीसीत नोकरी, हातात ५४ हजार येतात. गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, सेकंडहॅन्ड घेतलेली, ९१ हजार किलोमीटर पळालेली, लोनचे १४ हप्ते बाकी, हप्ता ९,२००. हप्ता धरून घरखर्च ३८ हजार, एसआयपी ६ हजार, सेव्हिंगला ६५ हजार पडून आहेत. गाडी घाटात वळणावर लोळते, खड्ड्यातून गेली की पुढून धाडधाड आवाज येतो, म्हणून गॅरेजवाल्याने लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली घेणाऱ्या आखूड स्प्रिंगा), चारही स्पोर्ट शॉकअप, माउंट, मजुरी, अलाइनमेंट असं सगळं मिळून ८२ हजारांचं कोटेशन दिलंय. क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय करून देतो म्हणतोय. प्रश्न असा की ईएमआय करू, की वर्षभर एसआयपी थांबवून रोख देऊ? आणि ५ हजार टोकन देऊनही झालंय.

आधी एक सांगतो, गाडीवर पैसे घालवू नका हे भाषण मी देणार नाहीये. हेच ८२ हजार १२ टक्क्यांनी २० वर्षं ठेवले तर जवळजवळ आठ लाख होतात, असले हिशोब आमच्या धंद्यातले लोक लगेच तोंडावर मारतात, पण त्या हिशोबाने माणसाने मिसळसुद्धा खाऊ नये. कोल्हापुरात राहून गाडीचा नाद नसेल तरच आश्चर्य. नाद करा, फक्त हे कोटेशन नीट वाचा, कारण त्यात दोन वेगवेगळे खर्च एकाच बेरजेत बसवलेत आणि गंमत म्हणजे त्यातला एक खर्च तुम्हाला करावाच लागणार आहे.

तुम्ही फोटो पाठवलाय त्यात पुढच्या डाव्या शॉकअपच्या नळीवरून तेल ओघळून त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला दिसतोय. म्हणजे तो गेलाय. ९१ हजाराला जाणारच, त्यात नवल नाही. धाडधाड आवाज बहुतेक त्याचाच, नाहीतर वरच्या माउंटचा, म्हणजे शॉकअप गाडीला जिथे बसतो त्या रबरी जोडाचा, किंवा लिंक रॉडचा, म्हणजे अँटी रोल बारला जोडणाऱ्या दांडीचा. हा शौक नाही, हा मेंटेनन्स आहे, ब्रेक पॅडसारखा. गेलेल्या शॉकअपवर गाडी चालवली की टायर ठिकठिकाणी खाल्ले जातात, ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. हा खर्च करायचाच, आणि एक गेला तरी जोडी बदलायची.

दुसरा खर्च स्प्रिंगांचा. ती हौस. आणि मला वाटतं गॅरेजवाल्याने पहिल्या खर्चाच्या पाठीवर दुसरा बसवून दिलाय, "आता उघडतोच आहे तर..." या एका वाक्यावर अर्धी मोटार इंडस्ट्री चालते. तसं त्याचं अगदीच चुकीचं नाही म्हणा, स्प्रिंग आणि शॉकअप एकदमच केले तर पुढच्या चाकांची मजुरी आणि अलाइनमेंट एकदाच पडते हे खरं आहे. आणि तुमच्या मित्राने सुचवलंय तसं २४ हजाराच्या नुसत्या स्प्रिंगा जुन्याच शॉकअपवर टाकणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण आखूड स्प्रिंगेवर शॉकअपला वरखाली व्हायला जागाच कमी उरते, तो सारखा रबरावर आपटतो आणि आहे तोही लवकर मरतो. स्प्रिंग कापून गाडी खाली घेणारे महाभाग आपल्याकडे आहेत, त्याबद्दल तर बोलूच नको, कापलेली स्प्रिंग जागा सोडू शकते, ते पैशाचं राहतच नाही मग.

आता तुमच्याच कोटेशनच्या खालच्या बाजूला पेनाने लिहिलेली एक ओळ आहे, ती तुम्ही मला विचारलीच नाही. "कंपनी फिटमेंट, ४ शॉक, माउंट, लेबर, अलाइनमेंट: १९,५००." कंपनी फिटमेंट म्हणजे गाडीत मुळात येतात तसेच पार्ट्स. पुढची जोडी ११,००० आणि मागची ८,५००. मी तर म्हणतो ही ओळच खरं कोटेशन आहे.

अजून एक बारीक गोष्ट. कोटेशनमध्ये पार्ट्सवर २८ टक्के जीएसटी लावलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्ट्सवर सरसकट १८ टक्के आहे. म्हणजे हे कोटेशन एकतर जुनं आहे किंवा कुणी जुन्या फॉरमॅटमध्येच आकडे टाकलेत. ७० हजारांचे पार्ट्स २८ टक्के धरून असतील तर १८ टक्क्यांनी ते साडेचौसष्टच्या आसपास येतात, साडेपाच हजार तिथेच कमी. कंपनीच्या पार्ट्समध्येही हजारएक सुटतील. नवीन कोटेशन मागा, भांडू नका, नुसतं विचारा.

आता नो कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वात नाही. होतं काय, की व्याज बँक घेतेच, फक्त तेवढी सूट दुकानदार देतो असं दाखवतात आणि ती सूट रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळाली असती ती तुमच्याकडून गेलेली असते. ८२ हजार, १२ महिने, कार्डाचा दर समजा १५ टक्के, तर त्यात सव्वासहा हजाराच्या आसपास व्याज लपलेलं आहे, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अकराशे-बाराशे तुमच्या स्टेटमेंटला वेगळे लागतात, वर प्रोसेसिंग फी असेल ती. तर गॅरेजवाल्याला साधा प्रश्न विचारा: रोख दिले तर किती घेणार? जो फरक सांगेल तीच त्या नो कॉस्टची कॉस्ट.

आणि हप्ता बघा ना. ६,८३३ हा आणि ९,२०० तो, म्हणजे १६ हजार, पगाराच्या जवळजवळ ३० टक्के एकाच गाडीवर, पेट्रोल अजून घातलेलंच नाही. महिन्याला ५४ मधून ३८ आणि ६ गेले की तुमच्याकडे १० हजार सुटे राहतात, त्यातले सात हजार वर्षभरासाठी बांधून टाकताय. एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरता आलं नाही की कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं, तिथून पुढे स्प्रिंगांची मजा संपली.

एसआयपी थांबवायचा पर्याय मला त्याहून नको वाटतो, रक्कम मोठी आहे म्हणून नाही, पण एकदा थांबवली की परत चालू करायला माणूस दोन वर्षं लावतो, हे रोज बघतो.

आता ज्या खर्चाची ओळ कोटेशनमध्ये कधीच नसते तो भाग, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ए नव्याने लिहिलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किट बसवलं की ते आरसी बुकावर चढतं, खाली बसवलेली गाडी अशी चढवून घ्यायला सोपा रस्ता नाही. मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, एमएच ०९ च्या अर्ध्या गाड्या अशाच फिरतात आणि पोलीस सायलेन्सर बघतात, स्प्रिंग बघत नाहीत. खरंय. पण मला दंडाची काळजी नाही, मला क्लेमची आहे. ॲक्सिडेंटनंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, आणि त्याला कंपनीच्या नसलेल्या रंगीत स्प्रिंगा दिसल्या की इन्शुरन्स कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते: हा बदल आम्हाला सांगितला होता का? पूर्ण क्लेम नाकारतील असं मी म्हणत नाही, पण भांडण लागतं, आणि भांडण चालू असेपर्यंत गाडी वर्कशॉपला आणि हप्ता तुमच्या खात्यातून. करायचंच ठरवलं तर आधी इन्शुरन्सवाल्यांना ईमेल टाका आणि उत्तर लेखी घ्या, एजंटने फोनवर "काय होत नाही ओ" म्हटलं ते धरायचं नाही. लोन ॲग्रीमेंटही काढून वाचा, आरसीवर बँकेचं नाव आहे, गाडीत बदल करायला त्यांची परवानगी लागते असं कलम बऱ्याचदा असतं.

मग रस्ता. या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनी १६३ मिलिमीटर सांगते. तुमची किट ३५ मिलिमीटर खाली घेते, म्हणजे १२८ राहिले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, तसा असता तर रिकामी गाडी आरामात गेली असती. पण गगनबावड्याच्या रस्त्याला गावागावात शाळेपुढे जे केलेत ते कुणी मोजून केलेत का? अरुंद आणि उंच, वर रंग पण नाही. मागे तिघं बसवून, डिकीत सामान टाकून, ऊस सीझनला ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडेवरून गाडी उतरवली की ऑईल चेंबर पहिलं लागतं. चेंबर फुटलं आणि तेल गेल्यावर तसंच किलोमीटरभर दामटलं तर इंजिनचं काम, आणि ते बिल ८२ हजारांना लाजवेल.

टायरचंही आहे. गाडी खाली गेली की चाकांचा टो (वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (समोरून बघितलं तर किती कललंय) दोन्ही हलतात, या गाडीला पुढे टो सेट करता येतो, कॅम्बरला फारसा वाव नाही, मागे तर सरळ बीम आहे. अलाइनमेंट लगेच केली नाही तर टायर आतून खातो आणि वरून बघून कळतही नाही. १८५/६५ आर १५ चे चार बरे टायर आज वीस हजाराच्या पुढेच जातात.

रीसेलला शून्य मिळतात. उलट घेणारा विचारतो, पोरानं चालवलेली दिसतेय? त्यामुळे कधी केलंच तर मूळ स्प्रिंगा पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा, विकायच्या आधी परत बसवायला.

तुमची मूळ तक्रार, वळणावर लोळते, त्याचं प्रामाणिक उत्तर देतो. नुसते शॉकअप बदलून गाडी कमी कलणार नाही, किती कलायचं ते स्प्रिंग आणि अँटी रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, कलणं रोखणारा दांडा) ठरवतात. पण कलायचा वेग आवरेल आणि वळण संपल्यावर जे हेलकावे येतात ते थांबतील, आणि माझा अंदाज असा की तुम्हाला जे लोळणं वाटतंय त्यातलं बरंचसं हेच आहे, कारण गाडी तुम्ही घेतलीत तेव्हाच शॉकअप थकलेले असणार, चांगली स्विफ्ट कशी चालते हे तुम्ही अजून बघितलेलंच नाही. तेव्हा आधी ती बघा. लिंक रॉड आणि बुश त्याच वेळी तपासून घ्या, किरकोळ पैशात होतात.

तर माझं म्हणणं: या महिन्याच्या सुट्या १० हजारांत पुढची जोडी. टोकनचे ५ त्यात आलेच, त्यामुळे खिशातून सहाच जातात. मागची जोडी पुढच्या महिन्यात. सेव्हिंगला हात नाही, कार्ड नाही, एसआयपी चालू. मग पुढचे पाच महिने ते सुटे १० हजार सेव्हिंगला टाका, ६५ चे एक लाख पंधरा होतील, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडला. सध्या एक नोकरी गेली तर दोन महिनेसुद्धा धड निघत नाहीत आणि एमआयडीसीत ऑर्डरी कमी झाल्या की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. वडिलांचं वय ६१ लिहिलंय आणि कंपनीच्या पॉलिसीत आईवडील आहेत की नाही ते लिहिलं नाही. एचआरला विचारा. नसतील तर त्यांची पॉलिसी स्प्रिंगांच्या आधी, आता वैयक्तिक हेल्थ पॉलिसीच्या प्रीमियमवर जीएसटीही लागत नाही.

१४ महिन्यांनी लोन संपेल, आरसीवरून बँकेचं नाव उतरेल, ९,२०० मोकळे होतील. तेव्हाही नाद टिकला असेल आणि इन्शुरन्सचं लेखी उत्तर हातात असेल तर परत लिहा, रोखीत बसवून बघू. टिकणार नाही असं मला वाटतं, तोपर्यंत गाडीच बदलायचे विचार सुरू होतील. आणि मधल्या काळात जोरात वळायचीच खाज असेल तर कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे की, रविवारी तिथे जाऊन भागवा, चेंबर दुसऱ्याचं.

टोकनचं काय ते राहिलं. टोकन गेलं म्हणून ७७ हजार अजून घालायचे हे गणित डोक्यातून काढा. परत मागू नका, गॅरेजवाला टाळाटाळ करेल, त्यापेक्षा सांगा की काम तुमच्याकडेच करतो, फक्त कंपनी फिटमेंट करा आणि ५ हजार त्यात वळते करा. त्याचाही धंदा होतो, नाही म्हणणार नाही. बिल जीएसटीचं पक्कं घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या, आणि काढलेले जुने शॉकअप डोळ्यांनी बघूनच गाडी बाहेर काढा.