निरोपात 'उद्या' लिहू नका

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी चहा व्हायच्या आत लिहायला बसले. कोल्हापुरात फुलेवाडीकडच्या तुमच्या कॉलनीसाठी तुम्ही दर रविवारी परिसरातल्या बातम्या पाठवता. पाणी कधी बंद, रस्ता कुठे खोदलाय, रक्तदान कुठे आहे, श्रमदानाला कधी जायचं. 'सोमवारी पाणी येणार नाही' हा तुमचा एक निरोप तीन आठवड्यांनी फिरून परत आला, लोकांनी पिंपं भरून ठेवली, आणि नळाला तर पाणी आलं. शेजारच्या काकू दारात येऊन बोलून गेल्या. वर निर्माल्य गोळा करायला चाळीस जणांनी 'येतो' म्हटलं आणि आले पाच. आता हे बंद करावं का, असं तुम्ही विचारलंय.

बंद करू नका. ग्रुप कसा चालवायचा, बातमी कुठून घ्यायची हे मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच. मला एकच गोष्ट सांगायची आहे, कारण ती चूक मी केली होती आणि तुमच्यापेक्षा फार मोठी केली होती.

मी शाहूपुरीत राहते, कुंभार गल्लीपासून जवळच. ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्यात, उपसा केंद्रं पाण्यात, म्हणजे चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. आमच्या भागातली माणसं एका शाळेत आणून ठेवली होती. मी तिथे स्वयंपाकाचं बघत होते. एका संध्याकाळी शिधा संपत आला आणि मी घाईत व्हॉट्सअॅपवर निरोप टाकला. शब्द न् शब्द पाठ आहे मला: 'उद्या सकाळी २०० माणसांच्या जेवणाची सोय हवी आहे. कृपया जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.' खाली शाळेचा पत्ता आणि एक फोन नंबर.

तारीख नाही. वेळ नाही. कधीपर्यंत हवंय ते नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण आलं, माणसं जेवली, मला वाटलं काम झालं. पण तो निरोप थांबला नाही. पुण्याला गेला, मुंबईला गेला, सीमाभागातल्या गावांत गेला. जो कोणी वाचेल त्याच्यासाठी 'उद्या' म्हणजे त्याचा उद्या. चार दिवसांनी कुणी वाचला तरी त्याला वाटणार की दोनशे माणसं उपाशी आहेत.

पाणी उतरलं, रस्ते खुले झाले, माणसं घरी गेली. शाळेत आम्ही तिघी सतरंज्या धुवत होतो. तेव्हा टेम्पो यायला लागले. पुलावाची पातेली, चपातीचे गठ्ठे, ब्रेडचे क्रेट. दोन दिवसांत इतकं अन्न आलं की व्हरांड्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. दमट हवा, पुलावाला तार सुटली, त्या आंबट वासाने पोट ढवळायचं. शेवटचा टेम्पो कागलच्या पलीकडच्या एका खेड्यातून आला. जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, सोबत डब्यात शेंगदाण्याची चटणी. गावातल्या बायकांनी रात्रभर बसून थापल्या होत्या. टेम्पोवाला माझ्याच वयाचा. त्याने एक गाठ सोडून दाखवली. भाकरीच्या मधे मधे कागद घातले होते, चिकटू नयेत म्हणून. मी सांगितलं की इथे आता कुणी नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मग हे कुठं द्यायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. थोड्या भाकरी आम्ही चिखल काढणाऱ्यांना वाटल्या, बाकीच्या जनावरांना गेल्या. त्या गावच्या बायकांना त्याने काय सांगितलं असेल, हे अजून मनातून जात नाही.

आणि त्याच दिवशी आमच्या गल्लीत गुडघाभर गाळ होता. घराघरांतून भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं रस्त्यावर आलेली. तिथे फावडी हवी होती, खराटे हवे होते, गमबूट, ब्लीचिंग पावडर, फिनेल आणि दोन तास राबणारी माणसं हवी होती. ती मिळाली नाहीत, कारण गावोगावी पोचलेला निरोप जेवणाचा होता. पूर चढताना कोल्हापूर जिवाचं रान करतं, त्याला तोड नाही. पण पूर उतरल्यावरचे आठ दिवस सगळ्यांत वाईट, आणि तेव्हा बोलवायला आमच्याकडे शब्दच उरला नव्हता.

फोन नंबरचंही सांगते. तो माझा नव्हता. कॉलेजात शिकणाऱ्या शेजारच्या मुलीचा होता, तिचा फोन चार्ज होता म्हणून दिला. पुढचे कित्येक दिवस तिला रात्री दोनला फोन यायचे. काही मदतीचे, काही घाणेरडे. शेवटी तिने नंबर बदलला. तिच्या आईला मी अजून नीट तोंड दाखवू शकत नाही. दुसऱ्याचा नंबर त्याला विचारल्याशिवाय, आणि मुलीचा तर विचारूनसुद्धा, अशा निरोपात टाकू नका. हे माझं ठाम मत आहे.

तुम्ही म्हणाल, नंतर 'आता नको' असा निरोप पाठवायचा. मी पाठवला होता. तो पोचत नाही, दादा. मदत मागणारा निरोप माणूस कळवळून दहा जणांना पाठवतो. 'भागलं, थँक्यू' हा निरोप वाचतो आणि पुढे जातो. म्हणून मुदत पहिल्या निरोपातच घालायला हवी. आता मी वार, तारीख आणि वेळ सगळ्यांत वर लिहिते, मजकुराच्याही वर. मग काय हवं आणि किती. मग ही माहिती कुणाकडून कळली. आणि शेवटी 'वरच्या तारखेला रात्री ८ नंतर हा निरोप पुढे पाठवू नका.' 'उद्या', 'परवा', 'येत्या सोमवारी' हे शब्द मी वापरतच नाही. तुमचा पाण्याचा निरोप नेमका 'सोमवारी'मुळे फसला. वार दर आठवड्याला येतो, तारीख येत नाही. एवढाच फरक होता, काकूंना तो समजावून सांगा, त्या ऐकतील.

जुलै २०२१ ला परत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या वेळी महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० लाच संपलेली, नगरसेवक कुणी नाही, प्रशासक होते. त्यामुळे गल्लीतली माणसं बारीकसारीक गोष्टींसाठी आमच्यासारख्यांकडेच येत होती. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती अर्ध्यामुर्ध्या झालेल्या, रंग व्हायचे होते. ओल लागली की शाडू विरघळतो, कुंभाराचं वर्षाचं पोट जातं. पाणी चढायच्या आत मी एवढंच टाकलं: तारीख, दुपारी ३ ते ६, मूर्ती वरच्या मजल्यावर न्यायला १२ जण, मूर्ती पाटासकट खालून धरायची, हाताला किंवा सोंडेला धरायची नाही, संध्याकाळी ६ नंतर येऊ नये. चौदा जण आले. सहानंतर एकही फोन आला नाही. २०१९ नंतर त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं.

यातच तुमच्या चाळीस आणि पाचचं उत्तर आहे, असं मला वाटतं. (माझ्या गल्लीपुरता अनुभव आहे, तुमच्याकडे वेगळं असू शकेल.) 'श्रमदानाला मोठ्या संख्येने उपस्थित राहा' म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे जातील. 'सकाळी ७ ते ९, सहा माणसं, खराटा मारायला' म्हटलं की ज्याला जमतं तो सांगतो. निर्माल्याचं काम तर आधीच फोडून सांगावं लागतं. घरगुती गणपती-गौरी विसर्जनाच्या दिवशी पंचगंगा घाटावर नाहीतर इराणी खणीवर, म्हणजे विसर्जनाच्या त्या जुन्या खाणीच्या तळ्यावर, उभं राहायचं म्हणजे नुसतं पिशव्या घेणं नव्हे. हारांतल्या दोऱ्या, टाचण्या, प्लास्टिकची फुलं, थर्माकोल वेगळं काढावं लागतं. दोन माणसं फक्त तेवढ्यालाच हवीत, हातमोजे घालून, नाहीतर सगळं एकत्र होतं आणि खत होऊ शकणारी फुलं कचऱ्यात जातात. मूर्तीदान, निर्माल्यदान ही चळवळ कोल्हापूरने वर्षानुवर्षं चालवलीय, लोक मनापासून देतात. घेणारे हात कमी पडतात.

रक्ताच्या निरोपांचंही हेच. 'सीपीआरला (म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्याला) अमुक गटाचं रक्त तातडीने हवं' हा निरोप महिनोन् महिने फिरत असतो. तारीख नसेल तर पुढे पाठवूच नका, आधी फोन करून विचारा. शिबिराची बातमी देताना हेही लिहा की वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने झालेले हवेत. नाहीतर माणसं सुट्टीच्या दिवशी येऊन परत जातात आणि पुन्हा येत नाहीत. बाकी डॉक्टर ठरवतील, मी डॉक्टर नाही.

पुराच्या दिवसांत एक पथ्य पाळा. पाणी किती आहे हे डोळ्यांनी बघून लिहू नका. 'गंगावेशीत पाणी आलं' असं कुणी सांगितलं म्हणून टाकू नका. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून आलेला आकडा घ्या आणि सोबत वेळ लिहा: राजाराम बंधारा, इतके फूट इतके इंच, सकाळी ७. राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांचंही तसंच. सात दरवाजे आहेत, एकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. किती उघडले आणि किती वाजता, हे दोन्ही लिहा. नुसतं 'राधानगरीचे दरवाजे उघडले' म्हटलं की गल्लीत पळापळ होते, आणि ते मिटलेले असले तरी जुना निरोप फिरतच असतो. आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका वहीत लिहून ठेवा की बंधाऱ्यावर किती फूट झाले म्हणजे तुमच्या कोपऱ्यावर पाणी येतं. आमच्या गल्लीत ही वही आहे. ती बघून माणसं स्वतःच सामान वर चढवायला लागतात, कुणी सांगावं लागत नाही. बोट, दोर, माणसं बाहेर काढणं हे मात्र व्हाईट आर्मीचे स्वयंसेवक, एनडीआरएफची पथकं अशा बचावकाम शिकलेल्यांचं काम. उत्साहाच्या भरात पोरांना पाण्यात उतरवू नका.

तुम्ही कार्यालयाचंही विचारलंय, तुमच्या कॉलनीतल्या कचऱ्याच्या ढिगाबद्दल. नाव घेणार नाही, पण २०१९ च्या पुरानंतर एका कार्यालयाने आम्हाला नऊ दिवस फिरवलं. हा भाग आमच्याकडे येत नाही, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, इकडे या. कुजलेल्या गाद्यांचा ढीग लहान मुलांच्या शाळेसमोर नऊ दिवस पडून होता आणि टेबलावरचा माणूस मान वर करून बघायला तयार नव्हता. अजून राग येतो. चूक आमचीही होती. पहिलं पत्र आम्ही हातात देऊन आलो, पोच घेतली नाही, म्हणून आठव्या दिवशी 'असं पत्र आलंच नाही' हे ऐकावं लागलं. दुसरी प्रत घेऊन जा, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. आणि लोक एक गोष्ट मिसळतात: चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा, ही तरतूद माहिती अधिकाराच्या अर्जाला आहे, साध्या तक्रारीला नाही. म्हणून टोलवाटोलवी सुरू झाली की मी सरळ दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकते: या जागेची सफाई कुणाकडे आहे, आणि अमुक तारखेच्या आमच्या पत्रावर काय झालं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी वकील नाही, अडलं तर माहितगाराला विचारा. पण निदान ढीग कुणाचा, हे कागदावर येतं.

तुमचा येत्या रविवारचा निरोप पाठवायच्या आधी इथे टाका. फोन नंबर काढून टाका, बाकी आहे तसा. मी शनिवारी रात्री बघून सांगते.