वाचक विचारतात: डिजिटल पियानोला साउंड मॉड्यूल जोडताना

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे. घरी डिजिटल पियानो आहे, पट्ट्यांचं वजन छान आहे, पण आवाज मोजकेच. म्हणून जुनं साउंड मॉड्यूल (स्वतःच्या पट्ट्या नसलेला, मिडी म्हणजे वाद्यांमधल्या डिजिटल खबरींनी वाजणारा आवाजांचा डबा) आणलं, आणि आता दोघांचं जमत नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे यामाहाचा पी-१२५ आहे. त्यावरून वाजवण्यासाठी रोलँडचं एससी-५५ मार्क टू हे जुनं मॉड्यूल घेतलं. मॉड्यूलला पाच पिनांचं गोल मिडी सॉकेट आहे, पियानोला फक्त यूएसबी. बाजारात मिळणारी यूएसबी-मिडी केबल आणली, तर तिचं टोक पियानोत बसतच नाही. बदलून दुसरी आणू का? (नाशिक)

दुसरी आणलीत तरी बसणार नाही. पियानोवरचं ते चौकोनी सॉकेट संगणकाला जोडण्यासाठी आहे. यूएसबीत एक बाजू मालकाची असते आणि दुसरी उपकरणाची. तुमचा पियानो उपकरण आहे, ती यूएसबी-मिडी केबलही उपकरणच आहे, आणि दोन उपकरणं मालकाशिवाय एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्हीकडे बसेल असं कन्व्हर्टर लावून टोक घुसवता येईल, पण एक सूरही पलीकडे जाणार नाही.

मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे मधे संगणक. पियानो यूएसबीने संगणकाला, तुम्ही आणलेली केबलही संगणकाला, आणि तिचं गोल टोक मॉड्यूलच्या ‘मिडी इन’मध्ये. मग पियानोकडून येणारं सगळं त्या केबलकडे वळवायचं. विंडोजवर मिडी-ऑक्स हे सॉफ्टवेअर हे काम करतं, नाहीतर रेकॉर्डिंगच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एक मिडी ट्रॅक उघडून करता येतं. दुसरा मार्ग म्हणजे ‘यूएसबी मिडी होस्ट’ नावाची छोटी डबी. ती स्वतः मालक होते, एका बाजूला पियानो घेते आणि दुसऱ्या बाजूने पाच पिनांचं मिडी देते. रोज वाजवायचं असेल तर डबीच घ्या. सूर लावून बसण्याआधी संगणक सुरू करायचा कंटाळा येतो आणि मॉड्यूल धूळ खात पडतं. मात्र अशा डब्या सहसा ‘क्लास कम्प्लायंट’, म्हणजे खास ड्रायव्हर न लागणारी वाद्यंच ओळखतात. काही वाद्यांत ड्रायव्हरचा प्रकार बदलायची सेटिंग असते, तिथे ‘जेनेरिक’ निवडा. शक्य असेल तर आपला पियानो दुकानात नेऊन डबी लावून पाहा आणि मगच पैसे द्या.

केबलच्या टोकांवर ‘इन’ आणि ‘आउट’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. काही उत्पादक ‘हे टोक वाद्याच्या इनमध्ये लावा’ अशा अर्थाने लिहितात, काही ‘हे केबलचं इन आहे’ अशा अर्थाने. आवाज नाही आला तर टोकं अदलाबदल करून पाहा, त्याने काही बिघडत नाही.

आता आवाजाचं. मिडीतून आवाज जात नाही. कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली एवढीच खबर जाते. मॉड्यूलचा आवाज त्याच्या स्वतःच्या ऑडिओ आउटमधून वेगळा घ्यावा लागतो. पी-१२५ला बाहेरचा आवाज आत घेणारा जॅक नाही, त्यामुळे पियानोच्या स्पीकरमधून मॉड्यूल ऐकू येईल ही आशा सोडा. चार चॅनेलचा साधा मिक्सर घ्या: पियानोच्या ‘ऑक्स आउट’च्या दोन तारा, मॉड्यूलच्या दोन, आणि पुढे हेडफोन किंवा स्पीकर.

आणि सगळ्यात आधी अडॅप्टर तपासा. रोलँडच्या या काळातल्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन ऋण असते, आपल्याकडच्या बहुतेक सुट्या अडॅप्टरांत धन. मॉड्यूलच्या मागे गोल आकृतीत चिन्ह छापलेलं असतं, ते बघूनच लावा. दुसरं मॉड्यूल घेणार असाल आणि त्यात थेट वीज जात असेल, तर मागचा आकडा वाचा. जपानहून आलेला माल १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की पुढचा प्रश्न दुरुस्तीचा असतो.

प्रश्न : जोडणी झाली, पण प्रत्येक सूर दोनदा वाजल्यासारखा येतो. संगणकातून जोडल्यावर तर पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं वाटतं. (कोल्हापूर)

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पियानोचा आवाज आणि मॉड्यूलचा आवाज एकदम ऐकू येतोय, हा दोष नाही. पियानोचा व्हॉल्यूम खाली केला की फक्त मॉड्यूल उरेल. पत्र्याचा आवाज मात्र फेऱ्यामुळे येतो. पट्टी दाबली की पियानोचा स्वतःचा आवाज वाजतो, शिवाय तीच खबर संगणकाकडे जाऊन परत पियानोकडे येते आणि तो तोच सूर काही मिलिसेकंदांनी पुन्हा वाजवतो. यावर उपाय म्हणजे पियानोतलं ‘लोकल कंट्रोल’ बंद करणं. त्यामुळे पट्ट्या आणि पियानोच्या आतला आवाज यांचा थेट संबंध तुटतो. किंवा सॉफ्टवेअरमधून पियानोकडे परत जाणारी वाट बंद करा. दुसरा उपाय आम्हाला बरा वाटतो, कारण लोकल कंट्रोल बंद ठेवून विसरणारे फार. दुसऱ्या दिवशी पियानो मुका होतो आणि मेकॅनिकला फोन जातो. बहुतेक पियानो बंद करून पुन्हा सुरू केले की लोकल कंट्रोल आपोआप चालू होतं, पण सेटिंग लक्षात ठेवणारेही आहेत.

प्रश्न : मिडी केबल किती लांब चालते? (पणजी)

पाच पिनांची १५ मीटरपर्यंत. घरात ३ मीटर पुरते.

प्रश्न : पियानोवर आवाज बदलला की मॉड्यूलचाही बदलतो, आणि भलताच लागतो. यादीत सतार १०५ आहे, मी १०५ पाठवला तर बँजो आला. (ठाणे)

मॉड्यूलचे आवाज मिडीत ० ते १२७ अशा क्रमांकांनी जातात, पण छापील यादी १ ते १२८ अशी असते. काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतं, काही एकापासून. जनरल मिडीच्या (सगळ्या उत्पादकांसाठी ठरलेल्या आवाजांच्या) यादीत १०५ सतार, १०६ बँजो. तुमचं सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतंय, म्हणून १०४ पाठवा. पेटीच्या जवळ जाणारा ‘रीड ऑर्गन’ २१वर आहे, शहनाई ११२वर. शहनाईकडून फार अपेक्षा ठेवू नका. बहुतेक डिजिटल पियानोंना पिच बेंडचं चाक नसतं, आणि मींडेशिवायची शहनाई खेळण्यातल्या पिपाणीसारखी वाजते.

पियानोवरचं बटण दाबताच मॉड्यूल बदलू नये असं वाटत असेल, तर पियानोच्या फंक्शन मेनूत ‘प्रोग्रॅम चेंज’ (आवाज बदलल्याची खबर) पाठवणं बंद करा. तो पर्याय नसेल तर मॉड्यूलमध्ये त्या भागासाठी (एका चॅनेलवर वाजणारा आवाज म्हणजे एक भाग) प्रोग्रॅम चेंज घेणं बंद करता येतं का ते बघा. १० नंबरच्या मिडी चॅनेलवर (चॅनेल म्हणजे खबरींची एक वेगळी वाट) मात्र सूर पाठवू नका. जनरल मिडीत तो तालवाद्यांचा असतो. तिथे गेलात की सा-रे-ग ऐवजी ड्रम आणि झांजा ऐकू येतील.

प्रश्न : पेडल दाबून वाजवलं की जुने सूर मधेच तुटतात. कधी उलट होतं, एखादा सूर थांबतच नाही. (पुणे)

सूर तुटतात ते मॉड्यूलची क्षमता संपते म्हणून. एससी-५५ मार्क टू एका वेळी २८ आवाज देतं, पण काही आवाज दोन थरांचे असतात. तिथे उरतात १४ सूर. पेडल खाली असताना डाव्या हाताचे मंद्र, उजव्या हाताची तान, सगळे मोजले जातात. मग सर्वांत जुना सूर कापला जातो, आणि तो नेमका खर्ज असतो. एका थराचा आवाज निवडा आणि पेडल जरा लवकर उचला.

अर्ध पेडल या मॉड्यूलांवर चालत नाही. चांगल्या पियानोचं पेडल ० ते १२७ असे मधले आकडे पाठवतं, जुनं मॉड्यूल मात्र ६४ किंवा वर म्हणजे दाबलेलं, खाली म्हणजे सोडलेलं एवढंच समजतं. त्यामुळे हळूहळू पेडल सोडताना आवाज विरत न जाता एकदम कापला जातो.

सूर अडकतो तेव्हा बहुधा तुम्ही पट्टी दाबलेली असताना ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवण्याची सेटिंग) किंवा चॅनेल बदललेला असतो. सूर सुरू झाल्याची खबर एका क्रमांकावर गेली, थांबल्याची दुसऱ्यावर. अशा वेळी सॉफ्टवेअरमधून ‘ऑल नोट्स ऑफ’ (कंट्रोलर १२३) पाठवतात, पण पेडल दाबलेलं आहे असं मॉड्यूलला वाटत असेल तर तेही लागू पडत नाही. आधी पेडल एकदा दाबून सोडा, किंवा थेट कंट्रोलर १२० (‘ऑल साउंड ऑफ’) पाठवा.

प्रश्न : माझ्या पियानोत शुद्ध गांधारासाठी ‘प्युअर मेजर’ ही सुरांची सेटिंग आहे. ती लावून पियानो आणि मॉड्यूल एकत्र वाजवले की गांधार थरथरतो. मिडी केबल खराब आहे का? (सांगली)

केबल ठीक आहे. मिडीत गांधाराची खबर जाते ती ‘ही पट्टी’ एवढीच. ती कोणत्या कंपनाची हे मॉड्यूल स्वतः ठरवतं, आणि ते पेटीसारखं समान अंतरांचं असतं. पियानोचा गांधार १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली उतरला, मॉड्यूलचा जागेवर राहिला, म्हणून दोघांत लाटा उठतात. अगदी वरच्या आणि खालच्या सप्तकांत हेच ‘स्ट्रेच ट्यूनिंग’मुळेही होतं: पियानोचे टोकाचे सूर मुद्दाम ताणलेले असतात, मॉड्यूलचे नसतात. पियानोत ते बंद करता येत असेल तर करा.

चांगली बातमी अशी की रोलँडच्या जीएस आणि यामाहाच्या एक्सजी पद्धतीच्या मॉड्यूलांत ‘स्केल ट्यूनिंग’ असतं. सप्तकातल्या बारा सुरांपैकी प्रत्येक सूर सेंटांनी वर-खाली करता येतो, तोही प्रत्येक भागासाठी वेगळा. पांढरी एक सा धरून ही मूल्यं लावून पाहा: कोमल रे +१२, शुद्ध रे +४, कोमल ग +१६, शुद्ध ग –१४, शुद्ध म –२, प +२, कोमल ध +१४, शुद्ध ध –१६, शुद्ध नी –१२. कोमल नीचं एकमत नाही. काही +१८ पसंत करतील, काही –४. तीव्र म तानपुऱ्याशी लावून कानाने ठरवा.

जुन्या मॉड्यूलवर हा मेनू सापडत नसेल तर मूल्यं संगणकातून सिस्टिम एक्सक्लुझिव्ह (त्या-त्या कंपनीच्या वाद्यांसाठीच्या खास) संदेशाने पाठवावी लागतात. त्या संदेशात ६४ म्हणजे शून्य, म्हणजे शुद्ध गांधारासाठी ५० आणि कोमल गांधारासाठी ८० जाईल. रोलँडच्या संदेशाच्या शेवटी बेरीज तपासणारा आकडा लागतो. तो चुकला की मॉड्यूल संदेश नाकारतं. स्वस्त यूएसबी-मिडी केबली असे संदेश कधी कधी अर्धवट टाकतात, त्यामुळे गाणी वाजली पण ट्यूनिंग लागलं नाही तर संशय केबलवर घ्या. जीएस रीसेट (मॉड्यूल मूळ स्थितीत आणणारा संदेश) गेला की सगळी मूल्यं पुसली जातात, तेव्हा संदेश फाइलमध्ये जपून ठेवा आणि बैठकीआधी पुन्हा पाठवा.

एक अडचण राहते. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर वरचा तक्ता तसाच चालणार नाही. सगळी मूल्यं आठ जागा सरकवून काळी चारपासून लिहावी लागतील. अनेक पियानोंत ट्रान्सपोज लावला की मिडीत जाणारा क्रमांकच सरकतो, त्यामुळे तुम्ही बोटांनी पांढरी एक वाजवत असलात तरी मॉड्यूलला काळी चारच दिसते. तक्ता नेहमी ऐकू येणाऱ्या सा-वरून मांडा, बोटाखालच्या पट्टीवरून नाही.

प्रश्न : मॉड्यूल लावल्यापासून स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. (बेळगाव)

पाच पिनांच्या मिडीत प्रकाशावर चालणारा विलगक असतो, त्यामुळे तिथून गुणगुण येत नाही. आधी यूएसबीची तार काढून ऐका. थांबली तर संगणकाच्या अर्थिंगमधून येते आहे. लॅपटॉप चार्जरशिवाय चालवून खात्री करा. नाही थांबली तर मिक्सर, पियानो आणि मॉड्यूल एकाच अर्थिंग असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तिसरी पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.